ऑफिसमधून निघालेल्या जुन्या पीसीवर गेमिंग: आधी एसएमपीएस बघा, मग कार्ड घ्या

कंपन्यांनी बदलायला काढलेले डेल ऑप्टिप्लेक्ससारखे डेस्कटॉप स्वस्तात मिळतात. चौथ्या पिढीचा कोअर आय-५, ८ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क असा पीसी घरात असेल, तर थोडक्या पैशांत तो गेमिंगला उभा राहतो. मात्र खरेदीचा क्रम चुकला की पैसे वाया जातात. ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र तयार करणारं) सगळ्यात शेवटी घ्यायचं.

सुरुवात माहितीने करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. ‘परफॉर्मन्स’मध्ये प्रोसेसरचं नाव आणि रॅमचे किती स्लॉट भरलेत ते दिसतं. लिहून ठेवा.

आता प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेट उघडा. एसएमपीएसवरचं, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचं, लेबल नीट वाचा. एकूण वॅटवर जाऊ नका, १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर बघा आणि त्यांना १२ ने गुणा. १८ अँपिअर म्हणजे २१६ वॅट. एवढ्यातच प्रोसेसरही चालायचा आहे आणि कार्डही. मग कार्डासाठी सहा पिनांची वायर आहे का ते शोधा. ऑफिसच्या पीसीत ती सहसा नसते. मग फक्त स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर चालणारं कार्डच घ्यावं लागतं. एसएमपीएस बदलायचा विचार असेल तर जपून: ऑप्टिप्लेक्स ३०२०, ९०२० यांच्या मदरबोर्डाला २४ ऐवजी ८ पिनांचा कनेक्टर आहे, बाजारातला साधा एसएमपीएस अडॅप्टरशिवाय लागत नाही.

पहिला खर्च २.५ इंची साटा एसएसडीवर करा, ती साध्या हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान असते. या काळातल्या बहुतेक बोर्डांवर एम.२ (पट्टीसारख्या छोट्या एसएसडीचा) स्लॉटच नसतो. मग रॅम १६ जीबी करा, ८-८ च्या दोन पट्ट्या लावून, म्हणजे ड्युअल चॅनल मिळतो (दोन्ही पट्ट्या एकदम वापरल्याने रॅमचा वेग वाढतो). इथे डीडीआर३ लागते, डीडीआर४ बसतच नाही.

कार्डात माझी पसंती जीटीएक्स १६५० ला. त्याच्या काही मॉडेलना वेगळी वायर लागते, ती टाळा. आरएक्स ६४०० वीज कमी खातं, पण ते पीसीआयईच्या (कार्डाच्या स्लॉटच्या) चारच लेन, म्हणजे डेटाचे मार्ग, वापरतं, त्यामुळे जुन्या बोर्डावर मार खातं. कॅबिनेट बारीक असेल तर लो-प्रोफाइल (कमी उंचीचं) कार्डच लागेल. मोजपट्टी घेऊन लांबीही मोजा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन सेकंडहँड घेत असाल, तर कार्ड लावून दाखवायला सांगा आणि जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम) चालवा. जुन्या जीटीएक्स ५५० टीआयचं बायॉस (कार्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून ते १०५० टीआय म्हणून विकण्याचे प्रकार झाले आहेत. अशी बरीच कार्डं जीपीयू-झेड ‘फेक’ म्हणून दाखवतो. दहा मिनिटं गेमही चालवून बघा. दुकानदार नाही म्हणाला तर सरळ पुढच्या दुकानात जा.

एक मर्यादा आधीच ओळखून ठेवा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चौथ्या पिढीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. व्हॅलोरंट हा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) मागतो, आणि ती इतक्या जुन्या पीसीत सहसा नसते. तेवढ्या एका गेमसाठीच पीसी करायचा असेल, तर यात पैसे घालू नका.

कार्ड बसवण्याआधी पंख्यातली धूळ ब्रशने काढा आणि प्रोसेसरची सुकलेली थर्मल पेस्ट बदला. कार्ड स्लॉटमध्ये ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा, स्क्रू लावा आणि मॉनिटरची केबल बोर्डाच्या नव्हे, कार्डाच्या पोर्टला जोडा. मग ड्रायव्हर टाका.