दोरी सोडायची घाई: वेकसर्फ शिकताना या चुका टाळा

आमच्या सेकंडहँड बोटीत चार कुटुंबांचे पैसे आहेत. त्यामुळे उन्हाळ्यात दर शनिवारी कोणाचा तरी भाचा, पुतणी, ऑफिसातला मित्र नाहीतर पुण्याहून आलेला पाहुणा टेक्सासमधल्या लेक ऑस्टिन तळ्याच्या धक्क्यावर हजर असतो. सगळ्यांनी व्हिडिओ पाहिलेले असतात. व्हिडिओत माणूस उठतो, दोरी झोकात बोटीत भिरकावतो आणि हात मोकळे सोडून लाटेवर चालू लागतो. दोरी भिरकावली की वेकसर्फ आला, अशी त्यांची पक्की समजूत होऊन बसते. मी स्वतः एक्केचाळिसाव्या वर्षी शिकले, त्यात दोन उन्हाळे गेले. त्यानंतर बहुतेक वेळ स्टिअरिंगमागे बसून इतरांना पडताना पाहतेय. माणसं बदलतात, चुका त्याच. दर शनिवारी तेच सांगून घसा बसतो, म्हणून लिहून ठेवते.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. बोट ताशी साडेदहा-अकरा मैलांनी, म्हणजे साधारण १७ किलोमीटरनी चालते. टाक्यांत आणि पिशव्यांत पाणी भरून तिला मुद्दाम जड केलेलं असतं, त्याने मागे मोठी लाट उठते. त्या लाटेच्या उतारावरून तुम्ही बोटीच्या दिशेने घसरत राहता, पण उतारही तुमच्याबरोबर पुढे सरकतो, म्हणून तो संपत नाही. दोरीचं काम पाण्यातून उठेपर्यंतच.

बोट कुठली, हे आधी बघा

"काकू, ट्रॅव्हिसवर पॉन्टून भाड्याने स्वस्त मिळते, तिच्यामागे करू या का?" दर वर्षी कोणीतरी विचारतंच. (ट्रॅव्हिस म्हणजे शेजारचं तळं, पॉन्टून म्हणजे सहलीची सपाट बोट.) नाही करू या. आउटबोर्ड किंवा स्टर्नड्राइव्ह बोटीचा प्रोपेलर मागच्या बाजूला उघडा असतो आणि वेकसर्फ करणारा बोटीपासून जेमतेम दहा फुटांवर असतो. तो पुढच्या बाजूला पडला तर काय होईल, हे मला लिहायचं नाही. सर्फसाठी बनवलेल्या बोटीचा प्रोपेलर तळाखाली, पुष्कळ पुढे असतो. बोटींची इंजिनं बनवणाऱ्या व्होल्वो पेंटाने २०१५ मध्ये पुढे तोंड केलेला प्रोपेलर आणला, तसल्या बोटीमागेही चालतं. बाकी कुठल्याही बोटीमागे नाही, अगदी 'हळू चालवू'च्या बोलीवरही नाही. मी फारशा गोष्टींवर अडून बसत नाही, इथे बसते.

तेच मागच्या प्लॅटफॉर्मचं. इंजिन चालू असताना त्यावर पाय सोडून बसायचं नाही आणि त्याला धरून लोंबकळत जायचं तर अजिबात नाही. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड तिथेच साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. लोक असं लोंबकळून मेले आहेत, म्हणूनच कॅलिफोर्नियाने २००४ मध्ये त्यावर कायद्याने बंदी घातली. मागे बसलेल्याचं डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं तर 'बोट लागली' म्हणून आलेपाक देऊ नका. त्याला आधी मोकळ्या हवेत पुढे आणा आणि इंजिन बंद करा.

उठायची धडपड

पाण्यातून उठताना बहुतेक पुरुष दोरी ओढतात. जिममध्ये जाणारे जास्तच. हात दुमडून हँडल छातीशी आणलं की बोर्ड पायाखालून निसटतो आणि नाकात पाणी जातं. हात सरळ, गुडघे छातीशी, टाचा बोर्डवर. बोट हळूहळू ओढायला लागली की बोर्ड आपोआप उभा होऊन तळव्यांना चिकटतो. मग लगेच उभं राहायचं नाही. उकिडवं बसायचं, आपल्याकडच्या जुन्या संडासात बसतो तसं, आणि बोट बाहेर काढेपर्यंत तसंच बसून राहायचं. हा माझा अनुभव आहे, शास्त्र नव्हे, पण ज्यांना अजून उकिडवं बसता येतं ते पहिल्या तीन-चार प्रयत्नांत उठतात. मी उठायला दोन शनिवार घेतले ते केवळ याच कारणाने. खुर्चीवर बसून गुडघे गंजले होते.

दोरी टाकायची नसते, ती निरुपयोगी व्हावी लागते

आता माझ्या लाडक्या चुकीकडे येऊ.

मागच्या जुलैत आमच्यातल्या एका जोडप्याचा पुण्याचा पुतण्या आला होता. चोवीस वर्षांचा, स्केटिंग येणारा, सह्याद्रीतले गड धावत चढणारा. दुसऱ्याच प्रयत्नात उठला. आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या थांबायच्या आत त्याने दोरी भिरकावली. तीन सेकंदांत लाट त्याला मागे टाकून निघून गेली आणि हा जागच्या जागी पाण्यात बसला. पुन्हा उठला, पुन्हा भिरकावली, पुन्हा बसला. असं अकरा वेळा. दरवेळी बोट वळवून आणायची, दोरी द्यायची, लाट पुन्हा उभी करायची. बोटीतले बाकीचे चिवडा खाऊन कंटाळले. "काकू, कळलंय मला, फक्त टायमिंग चुकतंय." टायमिंग बरोबरच होतं, तो दरवेळी घट्ट ताणलेली दोरीच सोडत होता.

ताणलेली दोरी म्हणजे तुम्हाला अजून बोटच ओढतेय, लाट नाही. ती सोडली तर बुडणारच, त्यात कौशल्याचा प्रश्न येत नाही. लाटेत एक जागा असते, तिला पॉकेट म्हणतात. बोटीनुसार प्लॅटफॉर्मपासून ८ ते १२ फुटांवर. तिथे उतार पुरेसा तीव्र असतो आणि लाट तुम्हाला स्वतःहून ढकलते. तिथे पोहोचलात की दोरी आपोआप सैल पडते आणि पाण्यावर तिची कमान दिसायला लागते. मागे राहिलात तर ती पुन्हा ताणते, कारण तिथे उतार पसरट होत जातो.

पॉकेटमध्ये जायचं पुढच्या पायाने. वजन पुढे टाकलं की वेग वाढतो, मागच्या पायावर टाकलं की ब्रेक लागतो. नवशिक्यांना बोटीच्या इतकं जवळ जायची भीती वाटते, मग नकळत मागच्या पायावर रेलतात आणि लाट सोडून देतात. भीती साहजिक आहे. पण फार पुढे गेलात तर मागचा पाय दाबायचा, इतकंच.

माझा उपाय कोणत्याही प्रशिक्षकाने शिकवलेला नाही. दोरी सैल पडली की मोठ्याने बेचा पाढा म्हणायला लावते. बे एके बे पासून बे दाहे वीसपर्यंत. मधे दोरी ताणली की पाढा पुन्हा पहिल्यापासून. वीसपर्यंत पोहोचेस्तोवर दोरी सैलच राहिली तरच सोडायची. पुतण्या आधी हसला. मग चार वेळा 'बे पंचे दहा'वरच अडकला. पाचव्यांदा वीस झाले, तरी त्याने सोडली नाही, कारण एव्हाना दोरी हातात आहे हेच तो विसरला होता. मला ओरडून सांगावं लागलं. त्यानंतर तो जवळजवळ दोन मिनिटं लाटेवर होता.

सोडतानाही शिस्त हवी. उठल्यावर मागचा हात हँडलवरून काढा, पुढच्या एकाच हाताने धरा. दोन्ही हातांनी धरलं की छाती बोटीकडे वळते आणि सगळं शरीर पिळवटतं. सोडायची वेळ आली की खालच्या बाजूने, कमरेच्या उंचीवरून, बोटीत बसलेल्या माणसाकडे टाका. आमच्याकडे त्यासाठी एक माणूस नेमलेलाच असतो आणि तो दोरी लगेच पूर्ण आत ओढतो. पाण्यात राहिलेली दोरी बोर्डच्या तळाच्या फिनमध्ये, म्हणजे पात्यात, अडकते, नाहीतर बोट थांबवून मागेपुढे करताना प्रोपेलरमध्ये जाते.

आणि दोरी हाताला गुंडाळायची नाही. सैल पडलेली दोरी गोळा करावीशी वाटते आणि लोक तळहाताभोवती एक वेढा घेतात. काही जण दोरीला धरून, हातामागून हात टाकत बोटीकडे चढायला बघतात, विहिरीतून पोहरा ओढावा तसे. आमच्या एका मैत्रिणीने वेढा घेतला आणि त्याच क्षणी ती पडली. दोन बोटांची सालं निघाली आणि अंगठी कापून काढावी लागली. बोट चालली होती फक्त अकरा मैलांनी. तेव्हापासून बोटीत चढतानाच अंगठ्या, बांगड्या, कडी, हातातले दोरे असं सगळं काढून डब्यात ठेवायचं असा नियम आहे. घड्याळसुद्धा.

दोष कधीकधी बोटीत बसलेला असतो

ही माझीच चूक आहे, तेव्हा सविस्तर सांगते.

लेबर डेच्या शनिवारी बोटीत नऊ जण होते. एक वहिनी शिकत होत्या, उजवा पाय पुढे ठेवणाऱ्या, म्हणजे इथल्या भाषेत गूफी. डावा पाय पुढे ठेवणाऱ्यांना लाट बोटीच्या डाव्या बाजूला लागते, गूफींना उजव्या बाजूला. त्यांच्याआधीचा मुलगा डावा पाय पुढे ठेवणारा होता. मी लाटेची बाजू बदलायचं बटण दाबायला विसरले. शिवाय सावली डावीकडे, म्हणून झाडून सगळी मंडळी कूलरसकट डावीकडे बसलेली. परिणामी उजव्या बाजूला लाट नव्हतीच, नुसता पांढरा फेस. वहिनी उठायच्या, दोरी सैल पडायची नाही, पाढा सुरूच व्हायचा नाही. चाळीस मिनिटं मी आरशात त्यांचे गुडघे बघत सूचना देत होते. वाकवा, पुढे झुका, बोटीकडे बघा. त्या बिचाऱ्या प्रत्येक सूचना पाळत होत्या. शेवटी मागे बसलेल्या आठवीतल्या मुलीने विचारलं, "लाट तिकडे डावीकडे का आहे?"

आता प्रत्येक नव्या माणसाआधी मी स्वतः मागे वळून लाट बघते. लाटेला स्वच्छ, काचेसारखा उतार दिसायला हवा. फेसच दिसला तर शिकणाऱ्याला काहीही सांगायचं नाही, आधी बोट नीट करायची. माणसं लाटेच्या बाजूला सरकवायची, मग बॅलास्ट, म्हणजे टाक्या-पिशव्यांतलं पाणी, बघायचं, मग वेग. वेग सर्वात शेवटी, आणि तोही फार तर अर्ध्या मैलाने. कुठला पाय पुढे ते धक्क्यावरच ठरवायचं. मोजे घालून फरशीवर घसरा म्हटलं की जो पाय आपोआप पुढे येतो, तो. मागून धक्का देऊन बघायची पद्धत मला पटत नाही, त्यात माणूस फक्त दचकतो.

ड्रायव्हरची दुसरी खोड म्हणजे कोणी पडलं की गर्रकन वळायचं. कशाला? थ्रॉटल (वेगाचा दांडा) खाली आणा, बोट शांत होऊ द्या, मग हळूच वळा. पडलेल्याने हात वर केला की तो ठीक आहे. झटकन वळलात तर आपलीच लाट आपल्याला आडवी येते आणि जड केलेल्या बोटीच्या नाकावरून पाणी आत शिरतं. माणूस प्लॅटफॉर्मवर चढत असताना इंजिन बंद. न्यूट्रल नाही, बंद. टेक्सासच्या कायद्यात मागे लक्ष ठेवायला तेरा किंवा त्याहून जास्त वर्षांचं कोणीतरी किंवा मागचं दाखवणारा आरसा हवा. माझ्या बोटीत आरसा असला तरी माणूसही लागतो, आणि का ते वहिनींना विचारा.

बाकीच्या, झटपट

पायांकडे बघू नका, बोटीतल्या माणसाच्या डोळ्यांत बघा. सनस्क्रीन बोर्डवर उभं राहून फवारू नका. एका मावशींनी तर पायाला खोबरेल लावलं होतं, त्या दिवशी बोर्डवर कोणीच टिकलं नाही. लहान बोर्ड 'दिसायला भारी' म्हणून घेऊ नका, नवशिक्याला लांब आणि जाड बोर्डच उचलतो. फिन मागे येतात, पुढे नाही. हे मी तीनदा पाहिलंय. पडताना सूर मारू नका, पाठीवर नाहीतर कुशीवर पसरून पडा आणि वर येताना डोक्यावर हात धरा, कारण बोर्ड कुठे असेल ते सांगता येत नाही. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट. आम्हीही पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलो, म्हणून इथे ते चालत नाही.

किनाऱ्याजवळ सर्फ करू नका. मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने २०२२ मध्ये या बोटींच्या लाटा मोजल्या आणि काठापासून ५०० फुटांहून दूर राहा असं सुचवलं. व्हरमाँटने २०२४ पासून ते अंतर नियमातच घातलं. लेक ऑस्टिन म्हणजे अडवलेली, टेक्सासमधली कोलोरॅडो नदी. दोन्ही काठांपासून इतकं अंतर सोडायचं तर बहुतेक ठिकाणी मधे पाणीच उरत नाही. म्हणून मी फक्त रुंद पट्ट्यांत, मधोमध आणि सरळ चालवते. लोकांच्या धक्क्यांना बांधलेल्या होड्या आपटायला लागल्या की ते हात हलवतात. तो नमस्कार नसतो.

दिवस संपताना बॅलास्टच्या टाक्या आणि पिशव्या पूर्ण रिकाम्या करायच्या, तळाचा प्लग काढून पाणी वाहू द्यायचं, मग बोट वाळवायची. इथे हा कायदाच आहे. झेब्रा शिंपले, म्हणजे बाहेरून आलेली आणि झपाट्याने पसरणारी जात, २०१७ मध्ये ट्रॅव्हिस आणि ऑस्टिन दोन्हीकडे सापडले, आणि त्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं बॅलास्टच्या पाण्यातून एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात पोहोचतात. काढलेला प्लग मी बोटीच्या किल्लीला दोऱ्याने बांधून ठेवते, कारण पुढच्या शनिवारी तो न लावता आम्ही एकदा बोट पाण्यात उतरवली आहे.