कौलारू घरातला स्मोक अलार्म आणि आगीची पूर्वतयारी

कोकणातल्या पुष्कळ वाड्यांपर्यंत अग्निशमन बंब येतो तो डांबरी रस्ता संपतो तिथवरच. तिथून पुढे जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी सुरू होते, आणि बंब काही पायऱ्या उतरत नाही. म्हणून आग लागल्यावर मदतीला कोण धावून येईल यापेक्षा, आग लागली आहे हे घरात झोपलेल्या माणसाला किती लवकर कळेल, हा प्रश्न आपल्याकडे अधिक महत्त्वाचा ठरतो.

आमच्या घरी एका गणपतीत रात्रभर तेवत ठेवलेल्या समईची तेलाने भिजलेली पेटती वात उंदराने ओढून नेली आणि ती शेजारच्या फडताळातल्या सतरंज्यांवर पडली. ज्वाळा अशी कुठेच दिसली नाही. सतरंज्या नुसत्या धुमसत राहिल्या, आणि वडिलांना खोकल्याची उबळ आली म्हणून सारे घर जागे झाले. झोपेत नाकावर भरवसा ठेवता येत नाही, आणि आगीत माणसे भाजण्यापेक्षा धुराने व त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडने अधिक दगावतात. त्या रात्री उबळ आली नसती तर काय झाले असते, हा विचार मनातून जाईना, म्हणून पुढच्याच आठवड्यात आम्ही स्मोक अलार्म आणले.

अलार्म घेताना तो ‘फोटोइलेक्ट्रिक’ प्रकारचा आहे ना, हे पाहून घ्यावे. त्याच्या आतल्या कप्प्यात प्रकाशाचा एक झोत असतो. धुराचे कण आत शिरले की तो प्रकाश विखुरतो, संवेदकावर पडतो आणि भोंगा वाजू लागतो. गादी, गोधडी, सुंभ किंवा नारळाच्या सोडणांचा ढीग अशा धुमसणाऱ्या वस्तूंची आग हा प्रकार लवकर ओळखतो. ‘आयोनायझेशन’ हा दुसरा प्रकार भडकलेली आग चटकन ओळखतो, परंतु फोडणीच्या धुराने तो ऊठसूट वाजतो आणि मग घरातले कोणीतरी वैतागून त्याचा सेल काढून ठेवते. घर लांबोळके असेल तर एक वाजला की सगळे वाजतील असे बिनतारी जोडलेले अलार्म घ्यावेत, कारण पडवीत वाजलेला भोंगा मागच्या खोलीत, पावसाच्या आवाजात, ऐकू येईलच असे नाही.

बसवण्याची जागा हा यातला खरा नाजूक भाग आहे. अलार्मसोबत येणारे माहितीपत्रक सपाट स्लॅबचे घर गृहीत धरून लिहिलेले असते; आपल्या घरात मात्र कुठे तक्तपोशी (लाकडी फळ्यांचे सपाट छत) असते, कुठे माळा, तर कुठे थेट वासे आणि कौले. ज्या खोलीवर तक्तपोशी आहे तिथे काम सोपे असते: अलार्म मधोमध, भिंतीपासून निदान चार इंच दूर आणि पंख्याच्या पात्यांच्या टोकापासून तीन फूट लांब बसवावा. भिंत आणि छत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात हवा कोंडून राहते आणि धूर उशिरा पोहोचतो, म्हणून कोपरा टाळावा. जिथे वर उघडी कौले आहेत तिथे धूर उतरणीने आढ्याकडे, म्हणजे छपराच्या सर्वांत उंच आडव्या लाकडाकडे, जातो. अशा खोलीत आढ्यापासून तीन फुटांच्या आत, पण अगदी टोकाचे चार इंच सोडून, वाशाला छोटी फळी ठोकून तिच्यावर अलार्म लावावा. कौलांच्या फटीतून वारा थेट येत असेल ती जागा घेऊ नये, कारण तिथला धूर बाहेरच निघून जातो. आढे इतके उंच असेल की चाचणीचे बटण काठीनेही दाबता येणार नाही, तर त्या खोलीत अलार्म लावण्याचा अट्टहास न करता शेजारच्या तक्तपोशीच्या माजघरात एक आणि माळ्याच्या जिन्याच्या डोक्यावर एक लावणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. झोपण्याच्या प्रत्येक खोलीत एक, त्या खोल्यांच्या बाहेर एक आणि माळ्यासकट प्रत्येक मजल्यावर किमान एक, असा हिशेब धरावा.

स्वयंपाकघरात स्मोक अलार्म लावू नये. चूल पेटली, मासे तळायला घेतले की तो वाजणारच. तिथे ठरावीक तापमानाला वाजणारा हीट अलार्म लावावा आणि स्मोक अलार्म चुलीपासून किंवा शेगडीपासून निदान दहा फूट दूर ठेवावा. देवघराच्या थेट वर तो लावला तर धूप-आरतीलाही वाजेल, हे वेगळे सांगायला नको.

आपल्या हवेत या उपकरणाला तीन शत्रू असतात: दमटपणा, खारा वारा आणि किडे. पावसाळ्यात आत बाष्प साचून अलार्म विनाकारण वाजतो. कोळी त्याच्या जाळीत घर करतात. आमच्या एका अलार्मच्या तोंडावर तर कुंभारीण माशीने मातीचे घरटे बांधले होते आणि तो महिनाभर नुसता शोभेला टांगलेला होता. म्हणून महिन्यातून एकदा बटण दाबून भोंगा ऐकावा आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर मऊ कोरड्या ब्रशने बाहेरची जाळी साफ करावी. ओले फडके लावू नये. साधा सेल असेल तर तो वर्षातून एकदा बदलावा. थोड्या थोड्या वेळाने एकच बारीक ‘टुक’ आवाज येत राहिला तर सेल संपत आला आहे असे समजावे. उपकरणाच्या मागे छापलेल्या उत्पादनाच्या तारखेपासून दहा वर्षे झाली की अख्खा अलार्मच बदलावा, मग तो वाजत असला तरीही. वर्षातले दहा महिने बंद असलेल्या चाकरमान्यांच्या घरात कुलूप उघडल्यावर पहिल्या दिवशी, जळमटे काढतानाच, ही तपासणी उरकून घ्यावी.

त्याच दिवशी विजेकडेही पाहावे. खाऱ्या हवेने प्लगचे आणि जोडणीचे पितळ हिरवे पडते, जोड ढिले होतात, ढिला जोड तापतो, आणि भरीला माळ्यावरच्या उंदरांनी वायरीचे आवरण कुरतडलेले असते. स्विचबोर्ड हाताला कोमट लागणे किंवा प्लगभोवती तपकिरी डाग दिसणे ही वायरमनला बोलावण्याची वेळ होय. तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) बसवून घ्यावी आणि तिचे चाचणीचे बटणही महिन्यातून एकदा दाबावे. कातळावरच्या घरांचे अर्थिंग उन्हाळ्यात कोरडे पडते, म्हणून मार्च ते मे अर्थिंगच्या खड्ड्यात नियमित पाणी ओतावे. गणपतीच्या माटवीत (मूर्तीवर टांगलेल्या सजावटीच्या चौकटीत) विजेच्या माळा, थर्माकोल आणि निरांजन एकत्र येऊ देऊ नयेत. रात्री आरास बंद करावी आणि समईला काचेचे आवरण घालावे.

गॅसची गळती स्मोक अलार्मला कळत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरतो, आणि आपल्याकडे उंबरे उंच असल्याने स्वयंपाकघरात तो तळ्यासारखा साचतो. गॅसचा अलार्म लावायचा असेल तर तो जमिनीपासून फूटभर उंचीवर लावावा. वास आला की रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, दिवा-पंख्याच्या कोणत्याही बटणाला हात लावू नये, सगळ्यांनी बाहेर पडावे आणि बाहेरून १९०६ या क्रमांकावर कळवावे. शेगडीची नळी पाच वर्षांनी बदलावी. कढईतले तेल पेटले तर पाणी कदापि टाकू नये, कारण पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटते तेल छतापर्यंत उडते. शेगडी बंद करून कढईवर झाकण सरकवावे आणि ती गार होईपर्यंत तशीच राहू द्यावी.

पाण्याबाबत एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. आग लागली की मेन स्विच बंद करायचा असतो, आणि तो बंद केला की विहिरीवरचा पंपही बंद पडतो. त्यामुळे मागच्या दारी दोनशे लिटरचे एक पिंप सदैव भरलेले आणि डासांसाठी झाकलेले असावे, शेजारी दोन बादल्या आणि एक वाळूची बादली असावी. घरात एबीसी पावडरचे (घन, द्रव आणि वायू अशा तिन्ही आगींवर चालणारे) अग्निशामक असल्यास ते स्वयंपाकघराच्या आत नव्हे, तर बाहेर पडण्याच्या दाराजवळ टांगावे. त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना आणि नळकांडे गंजले नाही ना, हे पाहत जावे. वापरताना पिन ओढावी, नळी आगीच्या बुडाशी रोखावी, दांडा दाबावा आणि झोत डावी-उजवीकडे फिरवावा. लहान नळकांडे काही सेकंदांतच रिकामे होते. तेवढ्यात आग आटोक्यात आली नाही तर ते टाकून बाहेर पडावे.

सड्यावरचे गवत वाळले की वणव्याचे दिवस येतात. शिमग्याच्या आधीच घराभोवतीची तीस-एक फुटांची पट्टी झाडून पातेरा, झावळ्या आणि सुके गवत काढून टाकावे. पन्हळीत आणि कौलांवर पडलेली पानेही उतरवावीत, कारण वाऱ्याने उडत आलेली ठिणगी तिथेच धरते. पेंढ्याची उडवी, सोडणे आणि काजूची टरफले घराला व गोठ्याला लागून ठेवू नयेत. टरफलांतल्या तेलामुळे ती भडकून पेटतात. भाजावळ (पेरणीआधी शेतजमीन भाजणे) करायची तर वारा पडलेला असताना, जवळ पाणी आणि दोन माणसे ठेवून करावी. आग गोठ्याकडे सरकू लागली तर आधी गुरांची दावी सोडावीत, पण त्यासाठी पेटत्या छपराखाली शिरू नये.

बाहेर पडण्याची वाट मात्र आधीच ठरलेली हवी. जुन्या घरांच्या खिडक्यांना गज असतात आणि पडवीच्या लोखंडी जाळीला रात्री आतून कुलूप असते, ज्याची किल्ली कोणाच्या तरी उशाखाली असते. ती किल्ली त्या कुलपाच्या हाताच्या अंतरावर, सर्वांना ठाऊक असलेल्या खिळ्याला टांगावी. मागच्या दाराचा अडसर लहान मुलालाही सरकवता येईल इतका सैल असावा. म्हाताऱ्या माणसांना माळ्यावर झोपवू नये. धूर दाटला तर जमिनीलगत रांगत जावे, बंद दाराला आधी हाताची मागची बाजू लावून पाहावी आणि ते गरम असेल तर दुसरी वाट धरावी. कपडे पेटले तर पळू नये, जमिनीवर लोळावे. भाजल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. खोबरेल, मुठेल किंवा टूथपेस्ट लावू नये.

सगळ्यांनी तुळशीवृंदावनापाशी जमायचे, असे एकदा ठरवून टाकावे आणि घर माणसांनी भरलेले असते त्या गणपतीच्या दिवसांत एका संध्याकाळी बटण दाबून खरोखर बाहेर पडून पाहावे. आमच्याकडे पहिल्या खेपेला दोन माणसे चपला शोधत आतच राहिली होती. जमल्यावर डोकी मोजावीत, मग १०१ किंवा ११२ ला फोन करून गाव, वाडी आणि जवळचे देऊळ किंवा एसटीचा थांबा सांगावा, आणि एका तरुण माणसाला बॅटरी देऊन पाखाडीच्या डोक्याशी रस्त्यावर उभे करावे.