वेल्समधल्या जुन्या जमिनीचे कागद वाचताय? या चुका टाळा

पश्चिम वेल्समधल्या केरेडिगियन काउंटीतलं आमचं जुनं शेतघर घेतलं तेव्हा चाव्यांबरोबर कागदांचं एक गाठोडंही मिळालं. त्यातला पहिला चर्मपत्राचा कागद मी दोन संध्याकाळी बसून लावला आणि वहीत लिहिलं : ‘पाच शिलिंग घेऊन जमीन एका वर्षाच्या भाडेपट्ट्याने दिली.’ पुढचे दोन महिने मी त्या ‘भाडेकरू’चा शोध घेत होतो. तो भाडेकरू नव्हताच, त्याने ती जमीन विकत घेतली होती.

ही चूक जवळजवळ प्रत्येकाची होते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

वर्षाचा पट्टा म्हणजे भाडं नव्हे

१५३६ च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये ठरावीक प्रकारच्या विक्रीची नोंद सरकारदरबारी करणं सक्तीचं झालं. आपला व्यवहार चव्हाट्यावर यावा असं जमीनदारांना वाटत नव्हतं. वकिलांनी तोड काढली. आज एक वर्षाचा पट्टा करायचा, म्हणजे कब्जा घेणाऱ्याकडे जातो, आणि उद्या दुसऱ्या कागदाने मालकाने उरलेला सगळा हक्क त्याच्या नावे सोडायचा. दोन कागद मिळून एक खरेदीखत. सतराव्या शतकापासून १८४१ पर्यंत हीच रीत होती. १८४१ च्या कायद्याने पहिल्या कागदाची गरज संपवली.

म्हणून पाच शिलिंग आणि ‘मागितल्यास एक मिरीदाणा’ असा खंड दिसला की थांबा. तो नाममात्र आहे. खरी किंमत, खरा हेतू आणि आधीच्या मालकीची हकिगत दुसऱ्या दिवसाच्या, आकाराने मोठ्या कागदात असते. लहान कागद बहुतेकदा त्या मोठ्याच्या घडीत ठेवलेला असतो, आणि कोणीतरी गाठोडं सोडून ‘नीट लावायला’ घेतलं की जोडी फुटते. गाठोडं मिळालं तर आधी आहे त्या क्रमाचे फोटो काढा, मग दोरी सोडा.

असाच घोटाळा गहाणखतांचा. ५०० किंवा १००० वर्षांच्या मुदतीने जमीन दिली असं वाचलं की वाटतं, गेली जमीन हातची. ते कर्जाचं तारण असतं. सावकाराला लांब मुदतीचा पट्टा द्यायचा आणि पैसे फिटले की तो रद्द, अशी अट. पुढे तो पट्टा सावकाराकडून दुसऱ्या सावकाराकडे जात राहतो आणि कागदांवर तीन-चार नवी ‘मालक’ माणसं दिसू लागतात. खरा मालक तेवढा काळ तिथेच राहून शेत कसत असतो. ‘परतफेड केल्यास हा दस्त निरर्थक समजावा’ अशा अर्थाची ओळ सापडते का, ते आधी पाहा.

सातबारा शोधू नका

आपल्याकडचा माणूस आधी रजिस्टर शोधतो. गट नंबर दिला की उतारा निघेल, फेरफार पाहता येतील, ही सवयच आहे आपली. ग्रामीण वेल्समध्ये असं काही नव्हतं. स्कॉटलंडमध्ये १६१७ पासून दस्तांचं रजिस्टर आहे, इंग्लंडात मिडलसेक्स आणि यॉर्कशायरमध्ये अठराव्या शतकात नोंदणी कचेऱ्या होत्या. वेल्सच्या वाट्याला एकही आली नाही. लँड रजिस्ट्री १८६२ मध्ये निघाली खरी, पण संपूर्ण इंग्लंड-वेल्समध्ये विक्रीची नोंदणी सक्तीची झाली १ डिसेंबर १९९० पासून. आणि ही रजिस्ट्री आज मालक कोण ते सांगते. दोनशे वर्षांपूर्वी कोण होता हे सांगणं तिचं काम नाही. तिच्या नकाशावरची हद्दही ढोबळ असते, काटेकोर मोजणी नव्हे.

त्यामुळे कागद हाच पुरावा होता आणि तो मालकाच्या किंवा त्याच्या वकिलाच्या लाकडी पेटीत असायचा. १९२५ च्या कायद्यांनंतर फार जुने दस्त जपायचं कायदेशीर कारण उरलं नाही. कित्येक गाठोडी फेकली गेली, काही चर्मपत्रांच्या लॅम्पशेडही झाल्या. जी वाचली ती काउंटीच्या अभिलेखागारात, अ‍ॅबरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्समध्ये किंवा एखाद्या मोठ्या इस्टेटीच्या संग्रहात गेली.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. पॅरिशमधली, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत येणाऱ्या गावातली, बरीच शेती गोगर्थान, नॅन्टिओस, विनस्टे, पेनरिन अशा इस्टेटींची असायची. शेतकरी कूळ. म्हणजे तुमच्या शेताचे कागद शेताच्या नावाने नव्हे, इस्टेटीच्या नावाने लावलेले असतात. गोगर्थान आणि नॅन्टिओसचे कागद नॅशनल लायब्ररीत आहेत, पेनरिनचे बँगोर विद्यापीठाच्या संग्रहात. भाडेपट्ट्याच्या दोन प्रती निघत. मूळ प्रत कुळाकडे, आणि कुळाने सही केलेली जोडप्रत इस्टेटीकडे. कुळाच्या घरची प्रत चुलीत गेली असली तरी इस्टेटीची बहुतेकदा शाबूत असते.

माणसाचं नाव धरून चालू नका

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय तेही याच चुकीबद्दल.

मराठी माणसाला खरं तर हे पटकन कळायला हवं, कारण वडिलांचं नाव आपण मधे लावतोच. वेल्समध्ये ते शेवटी लागायचं आणि आडनाव म्हणून काही नव्हतंच. डेव्हिड आप इव्हान म्हणजे इव्हानचा मुलगा डेव्हिड. मुलीसाठी ‘वेर्ख’. पुढे ‘आप’ गळला. मग डेव्हिड इव्हानचा मुलगा जॉन डेव्हिड, आणि जॉनचा मुलगा ऱ्हीस जॉन. तीन पिढ्या, तीन ‘आडनावं’, घर एकच. बड्या घराण्यांनी सोळाव्या शतकापासून कायमची आडनावं घेतली. डोंगरातल्या पॅरिशांत जुनी रीत एकोणिसाव्या शतकापर्यंत रेंगाळली. कुठे कुठे ‘आप’ पुढच्या नावाला चिकटला : आप ऱ्हीसचा प्राइस, आप हवेलचा पॉवेल, आब ओवेनचा बोवेन. एकाच माणसाला एका दस्तात हवेल आणि दुसऱ्यात पॉवेल लिहिलेलं असेल तर ते दोघे वेगळे ठरवायची घाई करू नका. लग्न झालेली बाईही बऱ्याचदा माहेरचंच नाव लावत असे. नवऱ्याचं नाव वेगळं दिसलं म्हणून ती परकी ठरत नाही.

आणि जेव्हा आडनावं ठरली तेव्हा ती मूठभर ठरली. जोन्स, डेव्हिस, इव्हान्स, विल्यम्स, रॉबर्ट्स. एका पॅरिशमध्ये एकाच वेळी सहा जॉन जोन्स असू शकतात. शेजारी त्यांना शेताच्या नावाने ओळखायचे. तुम्हीही तेच करा. माणसं बदलतात, शेताचं नाव सहसा तसंच राहतं. मी हल्ली वहीचं प्रत्येक पान शेताच्या नावाने उघडतो आणि माणसं त्याखाली लिहितो. मालक एका रकान्यात, कसणारा दुसऱ्यात. हे दोन रकाने कधीही एक करू नका.

अर्थात शेताच्या नावाच्याही खोड्या आहेत. मराठीत प्रत्यय लागला की शब्दाचा शेवट बदलतो : घोडा, घोड्याला. वेल्शमध्ये शब्दाची सुरुवात बदलते. ‘पाँट’ म्हणजे पूल, पण त्याआधी ‘अ’ हे उपपद आलं की ‘अ बाँट’. ‘मेलिन’ म्हणजे पाणचक्की, ती होते ‘अ वेलिन’. ‘ग्वाइन’ म्हणजे ओलसर माळ, त्याचा ‘ग’ सरळ उडून ‘वाइन’ उरतो. संत मायकेल, म्हणजे मिहँगेल, ‘ल्लान’ (चर्च) या शब्दामागे आला की ल्लानविहँगेल. सूचीत ‘मेलिन’ मिळालं नाही तर ‘वेलिन’ पाहा. आणि तिथला ‘व’ वेल्शमध्ये ‘एफ’ या एका अक्षराने लिहितात, तर इंग्रज कारकून ऐकून ‘व्ही’ लिहायचा. दोन्ही स्पेलिंगं तपासा. छापील वेल्श सूचीत डबल एल, डबल डी, सीएच ही स्वतंत्र अक्षरं असतात, म्हणून ‘एल’चे सगळे शब्द संपल्यावरच ‘ल्ल’ सुरू होतो. इंग्रजी क्रमाने शोधलं तर नाव नाहीच असं वाटतं.

ल्लानविहँगेल नावाचे पॅरिश वेल्सभर पसरलेले आहेत. पुढचा शब्द आणि काउंटी यांशिवाय ते नाव टिपून घेऊ नका. काउंटीही जुनी लिहा. १९७४ मध्ये आणि पुन्हा १९९६ मध्ये हद्दी बदलल्या. जुना दस्त कार्डिगनशर (आजचं केरेडिगियन) किंवा मेरियोनेथशर म्हणतो.

तारीख चुकली की साखळी तुटते

१७५२ पर्यंत कायद्याचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे १० फेब्रुवारी १७२० चा दस्त आपल्या हिशेबाने १७२१ चा. हे ध्यानात घेतलं नाही तर मुलाने बापाआधी जमीन विकल्यासारखं दिसतं. १७५२ च्या सप्टेंबरात २ तारखेनंतर थेट १४ उजाडली, तेही लक्षात असू द्या.

राजवर्षांची गंमत याहून अवघड. ‘चार्ल्स दुसरा, वर्ष १२’ म्हणजे तो गादीवर परत आल्यानंतर १२ वर्षं नव्हेत. त्याचं राज्य १६४९ मध्ये बापाचा शिरच्छेद झाला त्या दिवसापासून मोजलं जातं, म्हणून ते वर्ष १६६० येतं. शके आणि फसली सनांचे जुने कागद ज्यांनी हाताळलेत त्यांना अशा रूपांतराचा सराव असेलच. मूळ तारीख जशी आहे तशी लिहा आणि रूपांतर शेजारी. मूळ पुसून रूपांतर कधीच नको.

तीन जिवांचा पट्टा

वेल्समध्ये खूप दिसतो. मुदत ९९ वर्षं, पण नाव घेतलेली तिन्ही माणसं त्याआधी वारली तर पट्टा संपला. ही तीन माणसं भाडेकरू असतीलच असं नाही. ती फक्त मुदत मोजायची घड्याळं. बहुधा कूळ, त्याची बायको आणि धाकटं मूल, कारण मूल जितकं लहान तितका पट्टा लांब टिकणार. कधी वयंही लिहिलेली असतात. जन्मनोंद न सापडलेल्या मुलाचं वय मला अशाच एका पट्ट्यात मिळालं होतं. एखादा जीव गेला की पैसे भरून नवा जीव घालता येई, त्यामुळे त्याच शेताचे दोन पट्टे वीस वर्षांच्या अंतराने दिसले तर जमीन हस्तांतरित झाली असं समजू नका.

क्षेत्रफळ जुळत नाही?

आधी मोजणी चुकली म्हणू नका. स्थानिक एकर वेगळा होता. ‘एरू’, ‘कव्हार’ या मापांचा आकार भागाभागात बदलायचा. १८२४ च्या कायद्याने सगळीकडे एकच माप ठरवलं, पण शेतकऱ्यांच्या तोंडातली जुनी मापं लगेच गेली नाहीत. सरकारी हिशेबात एकराचे चार रूड, म्हणजेच १६० पर्च.

ताडून पाहायला सगळ्यात हाताशी असलेली गोष्ट म्हणजे टाइद नकाशे. चर्चला धान्यरूपाने द्यायचा दहावा हिस्सा १८३६ च्या कायद्याने रोख रकमेत बदलला, त्यासाठी पॅरिशवार नकाशे आणि याद्या झाल्या. वेल्सचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग त्यांत येतो, आणि नॅशनल लायब्ररीने ते ऑनलाइन मोफत ठेवलेत. प्रत्येक तुकड्याचा क्रमांक, मालक, कसणारा, शेताचं नाव, पीक की गवत, क्षेत्र, सगळं मिळतं. दोन सावधगिरी मात्र पाळा. ‘मालक’ या रकान्यात कधी कधी लांब मुदतीचा पट्टेदारही असतो. आणि वेल्समधल्या फार थोड्या नकाशांना पहिला, म्हणजे अचूक मोजणीचा, दर्जा मिळाला, म्हणून शेजाऱ्याशी बांधाच्या वादात हा नकाशा पुरावा म्हणून नाचवू नका.

टाइदच्या मागे जायला १७८० ते १८३२ च्या जमीनमहसुलाच्या वार्षिक याद्या आहेत, मालक आणि वहिवाटदार शेजारी शेजारी. पुढे यायला १९१० चं मूल्यांकन आणि १९४१ ते १९४३ चं राष्ट्रीय शेतपाहणी सर्वेक्षण, दोन्ही लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये. १८५८ पूर्वीची वेल्श मृत्युपत्रं नॅशनल लायब्ररीत आहेत. दस्तांची साखळी जिथे तुटते तिथे बऱ्याचदा मृत्युपत्रच हवं असतं, कारण मृत्युपत्राने मिळालेल्या जमिनीचं खरेदीखत कसं असणार?

१५४३ च्या मागे गेलात तर नियमच वेगळे. जुन्या वेल्श कायद्यात जमीन सगळ्या मुलग्यांत वाटली जाई, आपल्या पोटहिश्शांसारखी, आणि ती कायमची विकता येत नसे. म्हणून ‘प्रिद’ नावाचा गहाण-व्यवहार चाले, बहुधा चार-चार वर्षांच्या मुदतीने, पुन्हा पुन्हा वाढवत. नावाला गहाण, व्यवहारात विक्री. १५४३ च्या कायद्याने ही वाटणी बंद करून थोरल्याकडे सगळं जाऊ लागलं. प्रिदचा कागद मिळाला तर आधी वर सांगितलेला गहाणखताचा नियम बाजूला ठेवा.

कागदाला काय करू नका

इस्त्री नको, चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर नकोच. चर्मपत्र हे कातडं आहे, उष्णतेने आक्रसतं. जवळ फक्त पेन्सिल ठेवा. आणि मागची बाजू बघायला विसरू नका. पाठीवर कारकुनाने केलेली एका ओळीची नोंद, ताबा दिल्याची साक्ष, नंतरच्या वकिलाचे क्रमांक, असं बरंच असतं. मूळ दस्त हरवले असतील तर वकिलाने काढलेला मालकीचा गोषवारा शोधा. त्यात हरवलेल्या कागदांचा सारांश तारखांसह सापडतो.

कागदच नाही, कारण तो कधी नव्हताच

आमच्या शेताच्या वरच्या टोकाला, माळाच्या कडेला एका झोपडीचे दगड पडलेत. तिचा एकही दस्त मला मिळाला नाही आणि मी बराच काळ समजत होतो की तो हरवलाय. वेल्समध्ये ‘टी इन्नॉस’ म्हणजे एका रात्रीचं घर अशी समजूत होती : सूर्यास्तानंतर माळावर बांधायला घ्यायचं, उजाडेपर्यंत धुराड्यातून धूर निघाला पाहिजे, मग ते घर तुमचं, आणि दारातून कुऱ्हाड फेकली की ती पडेल तिथवरची जमीनही. कायद्यात याला आधार नव्हता. लोकांनी मात्र मनापासून मानलं आणि हजारो गरीब घरं अशा माळांवर उभी राहिली. माळ खाजगी होऊ लागले तेव्हा लोक चिडले. केरेडिगियनच्या मिनिद बाखवर १८२० च्या दशकात तर एका इंग्रज खरेदीदाराविरुद्ध उघड लढाच झाला.

अशा घराचा शोध खरेदीखतात घेऊ नका. मॅनर कोर्टाच्या, म्हणजे जमीनदाराच्या स्थानिक न्यायालयाच्या, नोंदींत ‘अतिक्रमण’ या शब्दाखाली पाहा, माळ वाटून घेण्याच्या निवाड्यांत पाहा, इस्टेटीच्या खंडाच्या वह्यांत वर्षाला एखादा शिलिंग भरणारं नाव पाहा. आमच्या झोपडीची पहिली खूण टाइदच्या यादीत आहे. घर, बाग, काही पर्च जागा, आणि कसणाऱ्याच्या रकान्यात एका विधवेचं नाव.