टाकायचे काय आणि धारण करायचे काय: इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायावरून रोजचे शिष्यत्व

ख्रिस्ती स्वभाव अंगी बाणावा म्हणून आपण जे निश्चय करतो ते बहुधा नकारार्थी असतात: रागवायचे नाही, खोटे बोलायचे नाही, कोणाच्या पाठीमागे बोलायचे नाही. बायबलच्या नव्या करारातील, प्रेषित पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात मात्र नुसत्या नकारावर भागवलेले नाही. जुन्या मनुष्याचा, म्हणजे पूर्वीच्या पापी स्वभावाचा, त्याग करा असे सांगून तो लगेच नवा मनुष्य धारण करायला सांगतो आणि पुढे खोट्याच्या जागी खरे, चोरीच्या जागी श्रम व दान, कुजक्या भाषणाच्या जागी उन्नती करणारे भाषण, कटुतेच्या जागी क्षमा अशा जोड्याच वाचकापुढे ठेवतो. रोजच्या शिष्यत्वाची आखणी या जोड्यांवरून करता येते.

सुरुवात मात्र चौथ्या अध्यायापासून करू नये. पत्राचे पहिले तीन अध्याय आधी एका बैठकीत वाचावेत. देवाने ख्रिस्ताच्या ठायी कृपेने काय केले हे तेथे सांगितले आहे, आणि आज्ञा त्यानंतर येतात. हा क्रम उलटला की स्वभाव सुधारून देवाची मर्जी मिळवण्याचा खटाटोप सुरू होतो आणि थोड्याच दिवसांत माणूस एक तर गर्विष्ठ होतो, नाही तर खचतो. त्यानंतर चौथ्या अध्यायातील 17 ते 32 ही सोळा वचने महिनाभर रोज सकाळी मोठ्याने वाचावीत.

या महिन्यासाठी एकच जोडी निवडावी. कोणती, हे स्वतः ठरवण्यापेक्षा घरातील माणसांना विचारलेले बरे, कारण मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आपण कसे वागतो ते सर्वांना ठाऊक असते, पण भाजीत मीठ कमी पडल्यावर कसे वागतो ते घरच्यांनाच ठाऊक असते. जोडी ठरली की तिला वेळ, स्थळ आणि कृती द्यावी. ‘प्रामाणिक राहीन’ या निश्चयाला हाताला लागेल असे काहीच नसते. रिक्षाला 120 रुपये झाले असताना कार्यालयाच्या प्रवासबिलात 180 लिहिण्याची सवय असेल, तर या महिन्यापासून 120 लिहायचे आणि पूर्वी जास्त उचललेली रक्कम हिशेब करून परत करायची, ही कृती झाली. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदारानेही नुसता पश्चात्ताप व्यक्त केला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि अन्यायाने घेतलेल्याची चौपट परतफेड, असा आकडाच त्याने सांगितला. अठ्ठाविसाव्या वचनात पौल तर चोरी सोडणाऱ्याने आपल्या हातांनी काम करून गरजवंताला द्यावे, येथवर जातो. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये 1896-97 च्या दुष्काळातून आलेल्या मुलींना प्रार्थनेबरोबर विणकाम, शेती आणि छपाईचे कामही शिकवले गेले. भक्ती आणि हातांचे श्रम यांची तेथे फारकत नव्हती.

जिभेच्या जोडीवर मात्र अधिक वेळ द्यावा लागतो. उपासना सुटल्यावर चहाचा कप हातात घेऊन “प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं” अशी प्रस्तावना करून एखाद्याच्या घरातील भानगड तपशीलवार सांगितली जाते, तेव्हा ऐकणाऱ्यालाही आपण चहाडी ऐकत आहोत असे वाटत नाही. पवित्र आत्म्याला खिन्न करू नका ही आज्ञा पौलाने नेमकी कुजक्या भाषणाविषयीच्या वचनापाठोपाठ लिहिली आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. येथे नुसते गप्प राहणे पुरेसे नाही. असे बोलणे सुरू झाले की “आपण आत्ताच त्यांच्यासाठी प्रार्थना करू या” असे म्हणून खरोखर डोळे मिटावेत, किंवा त्या व्यक्तीला आपणच भेटायला जावे. रोज एका माणसाला त्याच्या गरजेचे एक उत्तेजनाचे वाक्य, समोरासमोर किंवा फोनवर, सांगण्याचा नेमही धरावा; प्रारंभी ते कृत्रिम वाटेल, तरी सोडू नये.

रागाविषयी पौलाने सूर्य मावळण्याची मर्यादा घालून दिली आहे. प्रत्येक भांडण त्याच संध्याकाळी मिटेलच असे नाही, परंतु “या विषयावर उद्या सकाळी शांतपणे बोलू, माझा आवाज चढला त्याबद्दल क्षमा कर” एवढे त्याच दिवशी म्हणता येते. नवरा मारहाण करीत असेल तर मात्र क्षमेची वचने दाखवून पत्नीला त्याच घरात थांबायला सांगणे हा शास्त्राचा दुरुपयोग आहे. तिला आधी सुरक्षित ठिकाणी न्यावे, पोलिसांची आणि कायद्याची मदत मिळवून द्यावी, आणि मंडळीने तिच्या बाजूने उभे राहावे.

रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे दिवसाकडे पाहावे: निवडलेली जोडी आज कोठे कसोटीला लागली, काय झाले, आणि उद्या कोणाकडे जाऊन चूक कबूल करायची आहे. एक-दोन ओळी वहीत लिहाव्यात. पाल्हाळ नको, कारण दोषांची लांबलचक यादी करण्यातही एक प्रकारचा स्वतःचाच ध्यास असतो. आठवड्यातून एकदा मंडळीतील एखाद्या विश्वासू व्यक्तीबरोबर, पुरुषाने पुरुषाबरोबर आणि स्त्रीने स्त्रीबरोबर, ही वही उघडावी. ऐकणाऱ्याने उपदेशाची घाई करू नये आणि ऐकलेले घरगुती प्रार्थनासभेत विषय म्हणून मांडू नये. ज्या मंडळ्यांत महिन्यातून एकदा प्रभुभोजन (येशूच्या मरणाच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी, ज्याआधी स्वतःची परीक्षा करायची असते) होते, त्यांच्या सभासदांना आत्मपरीक्षणाचा हा ठरलेला दिवस आयताच मिळतो. त्याआधीच्या शनिवारी महिनाभराच्या नोंदी एकत्र वाचाव्यात.

पुढची जोडी केव्हा घ्यावी, हे दिनदर्शिकेवरून ठरवू नये. ज्यांना पहिल्या दिवशी विचारले होते त्या घरच्यांनाच पुन्हा विचारावे, आणि त्यांनी “अजून नाही” म्हटले तर तीच जोडी आणखी एक महिना चालवावी.