पहिल्या सत्राअखेरीचे हस्तलिखित : प्राथमिक शाळेच्या शिक्षकांसाठी

पहिले सत्र संपत आले की प्राथमिक शाळेत कामांची एकच गर्दी उडते. संकलित मूल्यमापन म्हणजे सत्राअखेरची परीक्षा, उत्तरपत्रिकांची तपासणी, वर्णनात्मक नोंदी आणि प्रगतिपत्रके यांच्या धांदलीतच आकाशकंदील, पणत्या आणि किल्लेही उरकायचे असतात. जूनपासून शाळेत काय काय घडले हे पालकांना सांगण्याचे काम मग शेवटच्या दिवशीच्या भाषणावर किंवा व्हॉट्सॲपच्या गटावर टाकलेल्या छायाचित्रांवर भागवले जाते. ती छायाचित्रे कौतुकाने पाहिली जातात आणि दोन दिवसांत विसरलीही जातात. त्यापेक्षा सत्राचा वृत्तान्त मुलांनीच लिहावा, तो हाताने लिहून शिवलेल्या अंकाच्या रूपात दिवाळीपूर्वी निघावा आणि पालकांपुढे मोठ्याने वाचला जावा, असे मी आग्रहाने सुचवतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढल्यापासून मराठी घरात दिवाळी आणि वाचन यांची सांगड पडली आहे. ज्या घरात विकतचा अंक कधी येत नाही, त्या घरातही आपल्या मुलाने लिहिलेला अंक जपून ठेवला जातो, असा माझा अनुभव आहे.

पुढील विवेचन पहिली ते चौथी किंवा पाचवीच्या, साधारण चाळीस पटाच्या, दोन शिक्षकी शाळेला समोर ठेवून केले आहे. मोठ्या शाळेने प्रत्येक वर्गाचा स्वतंत्र अंक काढावा. संपूर्ण शाळेचा एकच अंक काढला, तर त्यात निवडक मुलांनाच जागा मिळते आणि उरलेल्यांना केवळ प्रेक्षक व्हावे लागते.

वेळेचा हिशेब

हिशेब दिवाळीपासून मागे मोजत करावा, कारण सत्राचा शेवट दरवर्षी सरकतो. २०२५ मध्ये दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली, तर २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे ती नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात गेली आहे. सुट्टी लागण्यापूर्वीचा आठवडा मूल्यमापनात जातो, म्हणून अंकाचे सुवाच्य लेखन त्याआधी पुरे झालेले असावे आणि परीक्षेच्या दिवसांत अंकाचे एकही काम ठेवू नये. एकंदर चार आठवडे पुरतात. पहिल्यात विषय ठरवावेत, दुसऱ्यात कच्चे लेखन करावे, तिसऱ्यात सुधारणा आणि पक्के लेखन उरकावे, आणि परीक्षेनंतरच्या एक-दोन दिवसांत प्रती काढून शिवाव्यात. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन याच सुमारास येत असल्यामुळे त्या दिवशी मुलांनी एकमेकांचे कच्चे लेख वाचावेत. हा दिवस साजरा करण्याचा यापेक्षा सरळ मार्ग मला सापडलेला नाही.

ज्या गावांतून कुटुंबे ऊसतोडीला जातात, तेथे मात्र दिवाळी हा शेवट धरून चालत नाही. बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील कित्येक वस्त्यांवर दसऱ्यानंतर टोळ्या हलू लागतात आणि त्यांच्याबरोबर मुलेही जातात. अशा शाळेचे सत्र त्या मुलांपुरते आधीच संपलेले असते. आमच्याकडे एका वर्षी अंक वेळेवर निघाला, पण तो निघाला त्या दिवशी त्यात लिहिणारी सात मुले कारखान्याच्या फडावर होती. पुढच्या वर्षीपासून आम्ही अंक आणि पालकसभा दसऱ्याच्या आसपास घेऊ लागलो.

बातमी कोठून आणावी

हस्तलिखितातील सर्वांत अवघड काम हेच आहे, कारण मुलांना लिहायला सांगितले की ती आपली नक्कल करतात. ‘शाळेत वृक्षारोपणाचा कार्यक्रम मोठ्या उत्साहात संपन्न झाला. मान्यवरांच्या हस्ते रोपे लावण्यात आली.’ हे वाक्य चौथीतील मुलाचे नाही. ते आपल्या अहवालांतून त्याच्या वहीत उतरले आहे. त्याला खोडून टाकण्याऐवजी प्रश्न विचारावेत : किती रोपे लावली? कोणती? आज त्यांतली किती जिवंत आहेत? मोजून ये. तो मोजून येतो आणि लिहितो, ‘आम्ही जुलैत २१ रोपे लावली. १३ जगली. ८ शेळीने खाल्ली. शेळी आमचीच होती.’ याला बातमी म्हणतात. विषय ठरवण्याच्या आठवड्यात शिक्षकाने एवढेच करायचे असते की प्रत्येक मुलाला मोजायला, विचारायला किंवा पाहायला कोठेतरी पाठवायचे.

ज्या शाळेत परिपाठाच्या वेळी मुले बातम्या सांगतात, तेथे जूनपासूनच एक वही भिंतीवरील खिळ्याला अडकवून ठेवावी आणि रोज एका मुलाने तारखेसह शाळेतील एकच बातमी तीत लिहावी. ‘आज पहिल्यांदा वांग्याची भाजी परसबागेतली होती’ एवढी ओळ पुरते. अशी वही ठेवलेली नसेल, तर सत्र परत उभे करण्यासाठी वर्गातील दिनदर्शिका, हजेरीपट आणि शालेय पोषण आहाराची नोंदवही उपयोगी पडतात. आहाराच्या नोंदवहीत रोज किती मुले जेवली याचे आकडे असतात. ते चौथी-पाचवीच्या मुलांच्या हाती दिले की पेरणीच्या दिवसांत आणि पोळ्याच्या आगेमागे ताटे का कमी झाली, याचा शोध ती आपण होऊन घेऊ लागतात. सरासरी काढणे, चित्रालेख काढणे आणि कारण शोधणे ही तिन्ही कामे एकाच पानावर होतात. मात्र या पानावर एकूण आकडेच द्यावेत. कोण किती दिवस गैरहजर होता हे अंकात येता कामा नये.

विषयांची उणीव पडत नाही. पहिल्या दिवशी शाळेत रडलेल्या मुलाला आता काय आठवते, नव्या पुस्तकांचे गठ्ठे कोणी उचलून आणले, आषाढीच्या दिंडीत पालखी कशाची केली होती, पावसाने कोणत्या खोलीचे छत गळले, तालुक्याच्या क्रीडास्पर्धेत खो-खोचा संघ कितव्या मिनिटाला हरला, अशा पन्नास गोष्टी सत्रात घडतात. नवरात्रातील भोंडला किंवा हादगा, आणि विदर्भ-खानदेशाकडे भुलाबाई, हा तर हमखास विषय आहे. त्यासाठी मुलांना छापील पुस्तकातील गाणे उतरवू न देता, आजीला किंवा शेजारच्या काकूंना विचारून त्यांना येते तसे गाणे लिहून आणायला सांगावे. एकाच गावातील दोन आळ्यांत एकाच गाण्याचे शब्द वेगळे निघतात आणि मग वर्गात जो वाद रंगतो, तो अंकात घ्यावा.

आकाशकंदिलाचा उपक्रमही असाच लेखनाला जोडावा. कंदील करून झाल्यावर त्याची कृती मुलांनी लिहावी : बांबूच्या कामट्या किती घेतल्या, त्या कशाने बांधल्या, खळ कोणी शिजवली, पतंगी कागद कोठे फाटला. कृती वाचून दुसऱ्या गटाने तसाच कंदील करून पाहावा. जेथे तो फसेल तेथे लेखनात एखादी पायरी राहून गेली आहे, हे मुलांना न सांगताच समजते.

पहिलीच्या मुलांना ऑक्टोबरमध्ये सलग लिहिता येत नाही, म्हणून त्यांना वगळण्याचा मोह होतो. तो टाळावा. त्यांनी चित्र काढावे, त्याविषयी बोलावे, आणि ते बोलतील ते शब्द चौथीतील मुलाने चित्राखाली जसेच्या तसे उतरवावेत. येथे भाषेचा प्रश्न येतो. एखादी मुलगी ‘मह्या आज्यानं दोडक्याचं बी आणलं’ असे सांगत असेल, तर ते ‘माझ्या आजोबांनी’ असे बदलू नये. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, कोरकू, गोंडी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलांची घरची वाक्ये अंकात तशीच यावीत, आवश्यक तेथे खाली प्रमाण मराठीत अर्थ द्यावा. शुद्धलेखनाच्या चुका मात्र कच्च्या लेखनातच मुलाकडून सुधारून घ्याव्यात. बोली आणि चूक यांतील फरक शिक्षकाला ठाऊक असला पाहिजे.

हे सर्व काम मूल्यमापनाबाहेरचे ओझे नाही. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक मूल्यमापनाला, म्हणजे सत्रभर शिकता-शिकता होणाऱ्या मूल्यमापनाला, पहिली-दुसरीसाठी ७० टक्के, तिसरी-चौथीसाठी ६० टक्के आणि पाचवीसाठी ५० टक्के भार आहे, आणि दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प ही त्याचीच साधने आहेत. कच्चा लेख, सुधारलेला लेख आणि त्यावेळी मुलाने दिलेली उत्तरे यांवरून नोंदी त्याच दिवशी लिहून ठेवल्या, तर सत्राच्या शेवटी ‘अभ्यासात रस घेतो’ यासारखी सर्वांना सारखीच लागू पडणारी नोंद शोधत बसावे लागत नाही.

पाने, प्रती आणि शिलाई

ए-चार आकाराचा एक कागद मधोमध दुमडला की चार पाने होतात, म्हणून अंकाची पाने नेहमी चारच्या पटीत ठरवावीत. सहा कागदांत चोवीस पाने बसतात. आता येथे फसगत होते. कागद एकात एक घालायचे असल्यामुळे पहिल्या पानाच्या शेजारी, त्याच बाजूवर, दुसरे नव्हे तर चोविसावे पान येते. आम्ही पहिला अंक हे न जाणता लिहिला आणि शिवल्यावर पोळ्याची बातमी खो-खोच्या सामन्यात शिरली. म्हणून आधी सहा कोरे कागद दुमडून एकात एक घालावेत, पेन्सिलीने एक ते चोवीस क्रमांक टाकावेत आणि मग सुटे करून पाहावेत. एका बाजूवरील दोन क्रमांकांची बेरीज दर वेळी पंचवीस येते. हे मुलांना आधी सांगू नये, त्यांनाच सापडू द्यावे.

लेखन काळ्या शाईच्या पेनाने करावे, कारण निळी शाई आणि पेन्सिलीची चित्रे झेरॉक्समध्ये फिकट उतरतात. दुमडीच्या बाजूला दोन सेंटिमीटरचा समास सोडावा. प्रती निघाल्यावर दुमडीवर दाभणाने तीन छिद्रे पाडून जाड दोऱ्याने शिवावे. दोरा मधल्या छिद्रातून ओवायला सुरुवात करावी आणि तेथेच गाठ मारावी. दाभण मोठ्यांनीच हाताळावे. दर प्रतीसाठी कागदाच्या बारा बाजू लागतात, म्हणजे चाळीस प्रतींना चारशे ऐंशी. हा खर्च शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत आधी मांडावा. तो निघणार नसेल, तर पाच प्रती काढून त्या वस्तीनिहाय फिरवाव्यात. खर्च भागवण्यासाठी जाहिराती घेऊ नयेत, आणि मान्यवरांच्या शुभेच्छांना एका पानापेक्षा अधिक जागा देऊ नये. चोवीस पानांतील सहा पाने शुभेच्छांची असलेला एक अंक मी पाहिला आहे, आणि तो प्राथमिक शाळेचाच होता.

अंकात मुलांचे गुण, श्रेणी, आजार, घरची परिस्थिती यांपैकी काहीही छापू नये. छायाचित्र लावायचे असेल तर पालकांना विचारूनच लावावे. मला तर छायाचित्रांपेक्षा मुलांची रेखाचित्रेच या अंकाला शोभतात असे वाटते.

वाचनाची सभा

अंक वाटून मुलांना घरी पाठवले, तर निम्मे काम वाया जाते, कारण अनेक पालकांना वाचण्याची सवय नसते आणि काहींना वाचता येत नाही. त्यामुळे सत्राच्या शेवटच्या पालकसभेत मुलांनी अंक वाचून दाखवावा. सभेची वेळ शेतातील कामे पाहून ठरवावी. सोयाबीनची काढणी चालू असताना सकाळी अकराची सभा ठेवली, तर समोर फक्त आजोबा आणि तान्ही बाळे दिसतात. सायंकाळी सहानंतर आया येतात. प्रत्येक मुलाने आपला मजकूर जास्तीत जास्त एक मिनिट वाचावा, ज्याला धीर होत नाही त्याच्या शेजारी मित्र उभा राहावा, आणि शिक्षकांनी प्रास्ताविक शक्यतो करूच नये.

वाचन संपल्यावर प्रगतिपत्रके द्यावीत, तीही एकेका पालकाला बाजूला बसवून. अ-१ पासून इ-२ पर्यंतच्या नऊ श्रेणी पालकांना फारशा उलगडत नाहीत, आणि शेजारच्या मुलाच्या श्रेणीशी तुलना मात्र तत्काळ सुरू होते. म्हणून आधी मुलाचे अंकातील पान समोर ठेवावे, जूनमधील वहीचे एक पान त्याशेजारी ठेवावे, दोहोंतील फरक बोट ठेवून दाखवावा आणि त्यानंतर श्रेणी सांगावी. पाच मिनिटांच्या या बोलण्यात पालक जे सांगतात, ते दुसऱ्या सत्राच्या नियोजनासाठी त्याच रात्री लिहून ठेवावे.

स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांशी याच सभेत वेगळे बोलावे लागते. मूल गावी राहू शकत असेल तर हंगामी वसतिगृहाची, म्हणजे आईवडील बाहेर असताना मुलाची गावातच होणाऱ्या सोयीची, माहिती द्यावी. ते बरोबर जाणारच असेल तर दुसऱ्या गावच्या शाळेत त्याचे शिक्षण चालू राहावे यासाठी असलेले शिक्षण हमी कार्ड भरून पालकांच्या हाती द्यावे आणि ते पोहोचल्याबरोबर तेथील जवळच्या शाळेत दाखवायचे आहे हे मुलालाही सांगावे. कार्ड अंकाच्या मधल्या पानात ठेवून द्यावे. कार्ड हरवते, पण आपले नाव असलेला अंक मूल सहसा हरवत नाही, आणि नव्या शाळेतील शिक्षकांना तो चाळताना मुलाला कितपत वाचता-लिहिता येते हेही कळते.