रानवाटांचं मार्गदर्शक पुस्तक कसं लिहावं

रानावर पुस्तक लिहायचं ठरवलंत की सल्ले सुरू होतात. भरपूर वाचा, भरपूर फिरा, फोटो चांगले काढा, मनापासून लिहा. हे ठाऊक नसतं तर तुम्ही या भानगडीत पडलाच नसता. माझी तीन पुस्तकं झाली, तिन्ही गोव्यातल्या सत्तरी आणि सांगे भागातल्या वाटांवर. त्यातलं पहिलं मी आता कुणाला देत नाही. का, ते खाली येईलच.

हद्द लहान ठेवा. गोवा ३७०२ चौरस किलोमीटरचा. नकाशावर नखाएवढा दिसतो म्हणून ‘संपूर्ण गोव्याची रानं’ काढायचा मोह होतो. पण एकट्या म्हादई अभयारण्याचा पसारा २०८ चौरस किलोमीटरचा आहे, नेत्रावळीचा २११. उलट चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य दोन चौरस किलोमीटरही भरत नाही, आणि तिथल्या कांदळवनावर धड लिहायचं तर भरती-ओहोटी बघण्यातच तुमची दोन वर्षं जातील. एक तालुका घ्या, दहा-बारा वाटा निवडा.

वनखात्याची परवानगी, सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा, फोनवर वाटेची जीपीएस नोंद: उरकून टाका.

प्रत्येक वाट तीनदा चाला. मे महिन्यात, ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरात. इथे कंजूषी चालणार नाही. चोर्ला घाटाच्या माथ्याकडचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, मे महिन्यात पाहिलात तर तिथे लिहिण्यासारखं काही आहे असं वाटणारच नाही. काळपट तांबडा, तापलेला जांभा, वर करपलेलं गवत. त्याच जागी ऑगस्टात गुडघे टेका. बोटभर पाण्यात सीतेची आसवं ही फुलं जांभळी होऊन उभी असतात, आणि त्यांच्याच पायाशी दवबिंदू नावाच्या वनस्पतीच्या लाल पानांवर एखादं चिलट चिकटून पाय झाडत असतं. दोन्ही वनस्पती किडे खातात. सड्यावर माती नावापुरती, तिच्यातला नायट्रोजन पावसाने धुऊन नेलेला, म्हणून पोटापाण्याची ही सोय. डिसेंबरात हे सगळं गेलेलं असतं. एकाच भेटीवर लिहिलेलं पुस्तक नऊ महिने खोटं बोलतं.

आता अवघड काम. तुम्हाला वाटेल ते म्हणजे पक्षी ओळखणं किंवा झाडांची शास्त्रीय नावं. ती चूक झाली तर कुणीतरी जाणकार पत्र लिहून तुमची लाज काढतो, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होते. अवघड आहे ते वाट शब्दांत लिहिणं. त्यातली चूक माणसाला अंधारात रानात बसवते.

माझ्या पहिल्या पुस्तकात एक वाक्य होतं: ‘पुढे गेल्यावर ऐनाच्या मोठ्या झाडापाशी डावीकडे वळून ओढा ओलांडावा.’ वाचायला काय वाईट आहे? जुलैच्या एका रविवारी म्हापशाचं एक कुटुंब ते पुस्तक घेऊन गेलं. नवरा-बायको आणि नववीतली मुलगी. रात्री साडेआठला मला फोन आला, कुणाच्या तरी घराच्या पडवीतून. सुखरूप होते, पण भिजून गारठलेले. मुलीनेच सांगितलं, “काका, आम्ही ऐन शोधत होतो. एका आजीला विचारलं तर ती म्हणाली, ‘हांगा ऐन-बिन कांय ना पुता.’” आजी खोटं बोलली नव्हती. तिच्या तोंडी ते झाड माट्टी. दुसऱ्या दिवशी मी तिथे गेलो तेव्हा कळलं, ती सगळी मंडळी त्याच माट्टीखाली उभी राहून बोलत होती! आणि मी ज्याला ओढा म्हटलं तो व्हाळ मी डिसेंबरात दगडांवरून उड्या मारत पार केला होता. जुलैत तो कमरेइतका वाहतो.

त्या एका वाक्यात मी पाच चुका केल्या होत्या, आणि त्या सगळेच करतात.

‘पुढे’ हा शब्द पुस्तकातून हाकलून द्या. किती पुढे? किलोमीटर लिहिला तरी रानात तो कुणाला कळत नाही, आणि मिनिटं माणसागणिक बदलतात. पक्षी बघणारा माणूस एका वळणावर तास काढतो. मी आता अंतर लिहितच नाही असं नाही, पण त्यावर भरवसा ठेवत नाही. मधे काय काय लागतं ते क्रमाने लिहितो: मोरी, मग उजवीकडे पडका बांध, मग पाण्याची टाकी असलेलं घर, मग चढ.

डावं-उजवं एकटं लिहू नका. दमलेला माणूस पाठ फिरवून बसतो, पाणी पितो, उठतो आणि त्याचं डावं बदललेलं असतं. ‘व्हाळ उजव्या हाताला ठेवून चढाला लागावं’ असं लिहिलं की चूक झाली तर व्हाळच सांगतो.

खुणेच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे. बोर्ड, रंगाचे बाण, काजूचं झाड, चिरेखाण, दुकान यांतलं काहीही खूण म्हणून चालत नाही. बोर्ड पडतो, काजू तोडतात, चिरेखाण तर दर वर्षी आपली कड बदलते. टिकतात ती माणसांच्या श्रद्धेची आणि पाण्याची ठिकाणं. राखणदाराची (गावाच्या रक्षक देवाची) घुमटी, वाघ्रोचा (वाघदेवाचा) दगड, देवराईची कड, तळी, नदीतला कोंड म्हणजे डोह. गावकरी घुमटी हलवत नाहीत.

मग नाव. पुस्तकाचा वाचक वाट चुकतो तेव्हा पुस्तकाला विचारत नाही, समोरून कोयता घेऊन येणाऱ्या माणसाला विचारतो. त्या माणसाला समजेल असा शब्द पुस्तकात पाहिजे. म्हणून मराठी पुस्तक असलं तरी व्हाळ, सडा, कोंड, वझर (धबधबा), साकव (ओढ्यावरचा लहान पूल), कुळागर (पोफळीची बाग) हे शब्द तसेच ठेवा. शहरी वाचकासाठी मागे दोन पानी शब्दसूची द्या, तो शिकेल. पहिल्या पुस्तकाच्या वेळी एका संपादकाने हट्टाने माझ्या साऱ्या ‘व्हाळां’चे ‘ओढे’ केले होते. मी गप्प बसलो, तो माझाच दोष.

आणि शेवटची चूक सर्वांत महागात पडते. आपण फक्त बरोबर वाट लिहितो. चुकीची वाटही लिहा. प्रत्येक फाट्यावर एक ओळ: ‘पोफळीचं कुळागर लागलं तर चुकलात, घुमटीपर्यंत मागे या.’ ही ओळ लिहायची तर चुकीच्या वाटेवर स्वतः चालावं लागतं, तीही शेवटपर्यंत. कंटाळवाणं आहे. मी एका वाटेचे सहा खोटे फाटे चाललो, दोन दिवस गेले, एकदा कुत्रा मागे लागला. पण वाचकांचे जेवढे निरोप आले त्यात या ओळींचेच आभार जास्त.

पावसाळ्यातल्या ओलांडणीसाठी आणखी एक गोष्ट सक्तीची समजा. ‘पाणी जास्त असल्यास जाऊ नये’ ही ओळ निरुपयोगी आहे. जास्त म्हणजे किती? काठावरचा एक पक्का दगड निवडा, त्याचं वर्णन करा आणि लिहा की तो बुडाला असेल तर इथूनच परत फिरायचं. शिवाय सांगा की तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस थोड्या वेळाने इथे पोचतो. पाणी एकदम गढूळ झालं आणि पालापाचोळा वाहत येऊ लागला की काठ सोडायचा. जाताना पार केलेला व्हाळ येताना पार होईलच, हे गृहीत धरून कुणी निघू नये.

एवढं लिहून झालं की परीक्षा. मडगावात राहणारा माझा भाचा रानात कधी गेलेला नाही, तोच मला हवा होता. त्याच्या हातात छापील पान द्यायचं आणि आपण वीस पावलं मागून चालायचं, तोंड शिवून. तो चुकला तर चुकू द्यायचं. पहिल्या दिवशी तो तीनदा चुकला आणि तीनही वेळा दोष पानाचा होता. एकदा तर त्याने माझी ‘मोठी शिळा’ ओलांडून पुढच्या तिच्याहून मोठ्या शिळेपाशी वळण घेतलं. मला ती दुसरी शिळा कधी दिसलीच नव्हती, कारण मला वळायचं कुठे ते माहीत होतं. मागून चालताना जीभ चावून धरणं हे या धंद्यातलं सर्वांत कठीण शारीरिक काम आहे.

निसर्गाची माहिती या वाटेच्या वर्णनातच ओवा. मागे वेगळी यादी दिली की ती कुणी वाचत नाही. ‘या रानात अनेक दुर्मीळ पक्षी आढळतात’ यापेक्षा ‘माट्टीची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, हात लावून बघा’ हे वाक्य कामाचं, कारण झाड वाचकाच्या समोर आहे आणि उद्याही असेल. पक्षी उडून जातो. नावं तीन द्या: गावातलं, मराठी आणि शास्त्रीय. माट्टी, ऐन, टर्मिनालिया इलिप्टिका. गावातली नावं गोळा करायला चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधीचे दोन दिवस बाजारात घालवा. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला बांधायला रानातली फळं घेऊन बायका बसतात. कवंडळ, घागऱ्या, कांगलां, माट्टीची फळं, सगळं फांदीसकट मिळतं, आणि कुठलं फळ कुठल्या उतारावर येतं हे त्या भाव करता करता सांगतात. विकत घ्या मात्र, नुसते प्रश्न विचारू नका.

‘का’ लिहायला विसरू नका. सत्तरीतल्या बांबरच्या निरंकाराच्या रायीत, म्हणजे देवराईत, रानजायफळाच्या कुळातली झाडं चिखलात उभी आहेत, मुळं गुडघ्यासारखी वाकून वर आलेली. ‘विलक्षण दृश्य’ लिहून सोडून देणारे पुष्कळ. बारमाही ओल्या चिखलात हवा नसते, म्हणून मूळ श्वास घ्यायला वर येतं, हे लिहिलं की वाचक आपोआप पाय जपून टाकतो. ‘घनदाट’, ‘निसर्गरम्य’ आणि ‘डोळ्यांचं पारणं’ हे तीन शब्द माझ्या हस्तलिखितात सापडले तर भाच्याला शब्दामागे दहा रुपये मिळतात.

काय लिहायचं नाही, तेही आधी ठरवून ठेवा. धनेश पक्ष्याची ढोली कधीच नाही. मादी अंडी घालण्याआधी आत स्वतःला चिणून घेते, बाहेरच्या नराने खाऊ घातलं तरच ती आणि पिलं जगतात. ढोलीखाली कॅमेरेवाले जमले की नर लांबच बसून राहतो. वाघाच्या खुणा, आमरीची (ऑर्किडची) जागा, सापांच्या ठरलेल्या बसण्याच्या फांद्या यांचंही तेच. जानेवारी २०२०मध्ये म्हादई अभयारण्यात चार वाघ मेलेले सापडले, त्यानंतर तर ‘इथे पंजाचे ठसे दिसतात’ असली ओळ छापणाऱ्याशी मी वाद घालत नाही, बोलणंच थांबवतो. देवराईबद्दल गावात विचारा. नको म्हणाले तर ते पान काढा, कितीही सुंदर उतरलेलं असो.

फोटो कमी, रेखाटनं जास्त. कागद घाम आणि पाऊस सोसणारा. आकार खिशात मावणारा.

प्रत्येक वाटेच्या खाली तुम्ही ती शेवटची कधी चाललात तो महिना आणि वर्ष छापा, आणि शेवटची दोन पानं कोरी ठेवून वाचकांना दुरुस्त्या कळवायला सांगा. म्हापशाची ती मुलगी आता कॉलेजात आहे. गेल्या पावसाळ्यात तिचा निरोप आला: सातव्या वाटेवरचा साकव वाहून गेलाय, पण घुमटीमागून वर एक दुसरी ओलांडणी आहे, मात्र तिथे जळवा फार. डिसेंबरात जाऊन बघितली. आता ऑगस्टात पुन्हा जायचंय.