‘माहिती विस्तृत आहे, देता येत नाही’: कलम 7(9) चं पत्र लिहिताना या चुका टाळा

माहितीच्या अधिकाराखालचे अर्ज हाताळणाऱ्या, नव्याने जन माहिती अधिकारी झालेल्यांचे फोन अजून येतात आणि प्रश्न बहुधा एकच असतो, “सर, अर्ज फार मोठा आहे, 7(9) लावून टाकू का?” मी निवृत्त झालो, पण या पदावर अकरा वर्षं काढली. माहिती द्यायला खर्च फार येईल, माणसं अडकून पडतील, असं कारण देऊन अर्ज निकाली काढलेली कितीतरी पत्रं पाहिली. एक मी स्वतः लिहिलं, त्याची गोष्ट पुढे आहे.

कलम न वाचता लावणं

माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 मधलं कलम 7(9) एका वाक्याचं आहे. माहिती ज्या स्वरूपात मागितली त्याच स्वरूपात सर्वसाधारणपणे द्यायची. कार्यालयाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर त्या कामाकडे वळवावी लागणार असेल किंवा अभिलेखाच्या सुरक्षिततेला अथवा जतनाला धोका असेल, तर त्या स्वरूपाचा आग्रह धरता येत नाही. हे कलम एवढंच सांगतं. ते फक्त स्वरूपाबद्दल आहे, नकार द्यायचा तर 7(1) प्रमाणे कारण कलम 8 किंवा 9 मध्येच सापडलं पाहिजे. काहीजण 7(9) आणि कलम 9 यांचीच गल्लत करतात. कलम 9 कॉपीराइटबद्दल आहे, खर्चाशी त्याचा संबंध नाही. केरळ उच्च न्यायालयाने 2010 मध्ये टपाल खात्यातल्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकेच्या प्रकरणात हेच सांगितलं, की 7(9) माहिती रोखण्याचा अधिकार देत नाही, फक्त दुसऱ्या स्वरूपात देण्याची मुभा देतं.

ब्रिटनच्या कायद्यात खर्चाच्या कारणाने नकार देता येतो. केंद्रीय खात्यांसाठी 600 पौंड आणि इतर संस्थांसाठी 450 पौंड अशी मर्यादाच घातली आहे. आपल्या संसदेने अशी मर्यादा घातलेली नाही, मग ती आपण पत्रातून का घालायची?

पानं न मोजता ‘विस्तृत’ म्हणणं

एका गृहस्थांनी आमच्याकडे पाच वर्षांतल्या रस्त्यांच्या कामांची देयकं आणि मोजमाप पुस्तिकांच्या प्रती मागितल्या होत्या. मार्चअखेर तोंडावर होती. मी संगणकावरचं जुनं पत्र उघडलं, नाव आणि तारीख बदलली आणि सही केली: ‘माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने कलम 7(9) अन्वये देता येत नाही.’ प्रथम अपिलात आमच्याच साहेबांनी ते कायम केलं. गृहस्थ राज्य माहिती आयोगाकडे गेले.

सुनावणीत आयुक्तांनी एकच प्रश्न विचारला, “एकूण पानं किती?” मी म्हणालो, “बरीच आहेत, साहेब.” “मोजलीत?” मोजली नव्हती. कपाट उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं. कलम 19(5) प्रमाणे नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी माझी होती, आणि हातात एक आकडाही नव्हता.

परत येऊन लिपिकाला घेऊन बसलो. कागदांचे सहा रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) सोडले, धूळ झटकली, नस्त्या म्हणजे फाइली लावून घेतल्या. मोजायला दुपारचे अडीच तास लागले. पानं निघाली 2,300 च्या आसपास. दोन रुपये पानाने साधारण 4,600 रुपये होतात. शुल्काचं पत्र मुदतीत पाठवलं असतं, तर ते भरायचे की नाही हे त्या गृहस्थांनी ठरवलं असतं. पण उत्तर द्यायचे 30 दिवस केव्हाच उलटून गेले होते, त्यामुळे 7(6) प्रमाणे सगळं फुकट द्यावं लागणार होतं. आयोगाचा आदेश आला की आधी अवलोकन करू द्या, म्हणजे कागद प्रत्यक्ष पाहू द्या, मग ते सांगतील त्या प्रती विनामूल्य द्या. दोन सोमवार ते येऊन बसले, शांतपणे पेन्सिलीने टिपणं काढली आणि 64 पानांवर खुणा केल्या. अडीच तास आणि 64 झेरॉक्स, एवढ्यासाठी मी त्यांना सव्वा वर्ष फिरवलं होतं. त्यातल्या एका रस्त्यावरून त्यांची मुलं शाळेत जात होती, हे मला त्या दुसऱ्या सोमवारी कळलं.

तेव्हापासून माझी सवय एकच. अर्ज आवक झाला की तिसऱ्या दिवसाच्या आत नस्ती स्वतः हातात घ्यायची, पृष्ठांकन नसेल तर पेन्सिलीने करून घ्यायचं आणि पानांचा आकडा टिपणीवर लिहायचा. मग 7(3) चं शुल्काचं पत्र पहिल्या आठवड्यातच, हिशेबासकट. ते पत्र पाठवल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस 30 मधून वगळले जातात, ही सवलत शेवटच्या दिवसापर्यंत थांबणाऱ्याच्या काय उपयोगाची? आकडा खरोखरच अवाढव्य असेल तर पत्रात तो लिहा, किती माणसं किती दिवस लागतील तेही लिहा आणि त्याच पत्रात अवलोकनाची तारीख द्या. आयोगासमोर टिकणारं 7(9) चं पत्र असंच असतं.

‘75 टक्के’ वालं वाक्य चिकटवणं

सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात म्हटलं होतं, की 75 टक्के कर्मचारी 75 टक्के वेळ माहिती गोळा करण्यातच घालवत आहेत, अशी स्थिती देशाला नको आहे. हे वाक्य मी शेकडो पत्रांत पाहिलंय. ते उतरवणाऱ्यांपैकी निकाल किती जणांनी वाचला असेल, याची मला खरंच चिंता वाटते. त्याच निकालाने विद्यार्थ्यांना स्वतःच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क दिला. ज्याने दार उघडलं तोच निकाल आपण दार लावायला वापरतो.

त्या निकालातला उपयोगी भाग दुसराच आहे. जी माहिती अभिलेखात नाही आणि कायद्यानेही ठेवावी लागत नाही, ती गोळा करून तक्ता बनवून द्यायचं बंधन नाही. ‘दहा वर्षांचा वॉर्डवार तुलनात्मक तक्ता द्या’ असा अर्ज आला तर तक्ता तयार नाही असं निःसंकोच लिहा. मात्र ज्या नोंदवह्यांतून तो तक्ता होऊ शकतो त्या दाखवा. त्या अभिलेखात आहेतच.

थोडक्यात संपणाऱ्या चुका

कर्मचाऱ्यांचा पगार किंवा शोधाची मजुरी शुल्कात धरू नका. शुल्क नियमात ठरलेल्या दराने घ्यायचं असतं, आणि दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराकडून तेही नाही.

‘माहिती कशासाठी हवी?’ हे विचारू नका. 6(2) वाचा, अर्जदाराला कारण सांगावं लागत नाही.

अर्जात पाच मुद्दे असतील आणि एकच अवजड असेल, तर बाकी चार लगेच देऊन टाका.

महाराष्ट्राच्या नियमांत एक विषय आणि साधारण 150 शब्द अशी अट आहे. तिचा आधार घ्या, पण 160 शब्दांचा अर्ज परत करू नका. असं करणाऱ्यांचा मला राग येतो.

नकाराच्या पत्रात कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय प्राधिकाऱ्याचा तपशील नसेल तर ते पत्र 7(8) प्रमाणे अपुरं आहे.

‘अभिलेख लावलेले नाहीत म्हणून वेळ लागेल’ असं लिहिणं म्हणजे अभिलेख नीट लावून ठेवायचं कलम 4 चं काम आपण केलं नाही, याची लेखी कबुली.

अवलोकनाला टाळू नका. पहिला तास विनाशुल्क असतो, आणि जिल्हास्तरावरच्या व खालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख पाहू देण्याच्या शासनाच्या सूचना 2018 पासून आहेत. आमच्या नियमांप्रमाणे पाहणाऱ्याला फक्त पेन्सिल वापरता येते, म्हणून टेबलावर दोन पेन्सिली आणि शार्पनर ठेवा.

आणि अर्ज मोठा वाटला तर अर्जदाराला फोन करा. ‘सगळ्या नस्त्या’ म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा एकच देयक किंवा एकच आदेश हवा असतो. तो कुठे असतो हे माहीत नसतं, म्हणून तो सगळंच मागतो. पाच मिनिटं बोललात तर तो स्वतःहून मागणी कमी करतो. फोनवर जे ठरेल ते त्याच दिवशी पत्राने कळवा आणि स्थळप्रत (कार्यालयाची प्रत) नस्तीत लावा.